साडेचार महिन्यांच्या बाळाला मानेवर आणि जांघेत पुरळ : मेडिकलमधली ट्यूब लावू का?

नववी_गल्ली
बाळ साडेचार महिन्यांचं आहे. वळीव पडून गेला तरी कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत उकाडा काही कमी होईना. आधी मानेच्या घडीत बारीक लाल पुरळ आलं, मग पाठीवर. ते बसतंय न बसतंय तोवर जांघेत लालभडक झालंय. घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात उष्णता बाधलीय, चंदन उगाळून लावा. मालिशवाल्या मावशी म्हणतात डाळीच्या पिठानं चोळून काढते, लवसुद्धा जाईल. आणि ह्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणलीय. 'कसलंही पुरळ असू दे, दोन दिवसांत साफ' असं सांगून दिलीय म्हणे. मी अजून लावलेली नाही. बाळ खेळतंय, दूध पितंय, ताप नाही. आमच्या डॉक्टर गावाला गेल्यात, सोमवारी येतील. तोवर काय करू?

पेठेतली_काकू
अगं घामोळं आहे ते, घाबरू नकोस. टोपरं काढ, मोजे काढ, मलमलचं झबलं घाल आणि पंखा लाव. आपल्यात भर मे महिन्यात बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवत्यात, मग घाम जाणार कुठं? मी रोज नातवाचं टोपरं काढून ठेवतो, सून रोज परत घालते. पावडर मात्र मानेत भरू नको. घामात भिजून तिचा चिखल होतोय आणि घडी आणखी सोलून निघते.

इचलकरंजीकर
ताई, ट्यूबवर मागं बारीक अक्षरात औषधांची नावं असतात. ती इथं लिहा.

नववी_गल्ली
क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल.

पांढरा_कोट
लावू नका. बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

यातलं क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात कडक. सोबत एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध. तीन औषधं एकत्र घातली की पुरळ कसलं आहे हे ओळखायची गरजच उरत नाही, म्हणून ही ट्यूब इतकी खपते. दोन दिवसांत लाली जाते हेही खरं, कारण स्टेरॉइड लाली दाबतंच. पण बुरशी असेल तर ती आतून पसरत राहते आणि ट्यूब थांबवली की दुपटीनं वर येते. बाळाची कातडी पातळ असते, वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळ मोठं असतं, आणि जांघेत वरून डायपर बांधला की औषध आणखी आत शिरतं. महिनोन् महिने लावत राहिल्यावर चेहरा चंद्रासारखा गोल झालेली, वजन वाढलेली पण उंची थांबलेली बाळं आम्ही बघतो. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडलेलं असतं. अशा बाळाची ट्यूब आईवडिलांनी घाबरून एकदम बंद केली तरी धोका असतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

आता तुमच्या बाळाबद्दल. मानेवरचं, पाठीवरचं घामोळं असावं. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होतात आणि घाम कातडीखाली अडकतो. काकूंनी सांगितलं तेच त्यावरचं औषध, मी फक्त पंख्याच्या जोडीला कोमट पाण्याची आंघोळ घालीन. जांघेतलं बघताना एक गोष्ट नीट बघा. फुगीर भाग लाल आहे आणि घडीच्या आत कातडी बरी आहे, की घडीच्या आतच जास्त लाल आहे?

नववी_गल्ली
आतच जास्त आहे डॉक्टर. आणि कडेनं सुटे सुटे लाल ठिपके आहेत.

पांढरा_कोट
मग कँडिडा म्हणजे बुरशी असण्याची शक्यता जास्त. लघवी-शीच्या ओलाव्यानं होणारा साधा डायपर रॅश घडी सोडून बाहेरच्या बाजूला येतो, कारण डायपर घासतो तो फुगीर भागावर. बुरशीला ओली, उबदार जागा लागते, म्हणून ती घडीत बसते आणि सभोवती पिलावळ सोडते. बाळाच्या तोंडात, जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला पुसून न निघणारा पांढरा थर आहे का तेही बघा. मध्यंतरी बाळाला अँटिबायोटिक दिलं होतं का? त्यानंतर हे बरेचदा होतं.

यावर नुसतं बुरशीचं मलम लागतं, स्टेरॉइड नसलेलं. ते सोमवारी तुमच्या डॉक्टर बघून देतील. तोवर डायपर जितका वेळ काढून ठेवता येईल तितका काढा. शी झाली की नुसत्या पाण्यानं धुवा, सुगंधी वाइप्स नकोत. टिपून कोरडं करा, घासू नका, आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्या. पुढच्या वेळी तो पूर्ण खरवडून काढायची गरज नाही, घाण तेवढी पुसा आणि वरून परत लावा.

नववी_गल्ली
दिलं होतं डॉक्टर, सर्दी-कफ झाला होता तेव्हा. आता कळलं. ट्यूब ह्यांच्या हातात परत दिलीय.

औषधवाला_भाऊ
मी मेडिकल चालवतो, म्हणून आमच्या बाजूनंही दोन शब्द. २०१८ साली सरकारनं बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी गिऱ्हाईक येतं ते ट्यूबचं नाव पाठ करूनच. चिठ्ठी मागितली की 'पलीकडं मिळतीय की' म्हणून पाठ फिरवतं, आणि पलीकडं मिळतेही. माझ्या दुकानात एक मावशी हीच ट्यूब गोरं व्हायची क्रीम म्हणून न्यायला यायच्या. समजावलं, तर मलाच म्हणाल्या तुला धंदा कळत नाही. चूक आमच्या लायनीची आहेच, नाही म्हणत नाही. पण 'दवाखान्यात कशाला, मेडिकलवाल्यालाच विचार' ही सवय घराघरातली आहे.

इचलकरंजीकर
भावा, खरं बोललास. आमच्याकडं घरटी गजकर्ण आहे. दमट हवा, घाम, कारखान्यात दिवसभर उभं राहायचं. सगळे तीच ट्यूब लावतात, थोडं बसतं, परत येतं. बापाच्या टॉवेलनं पोराचं अंग पुसलं की पोरालाही गोल चट्टे.

पांढरा_कोट
आणि ट्यूब लावून लावून ते चट्टे गोलही राहत नाहीत. कडा विस्कटतात, मग ओळखायला आम्हालाही खरवड काढून तपासावी लागते. पण एक सांगतो, नाहीतर लोक दुसऱ्या टोकाला जातात. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. इसब असलेल्या बाळाला सौम्य स्टेरॉइड, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस आम्हीच देतो आणि ते लागतंच.

सोनूची_आई_कळंबा
इसबाचाच प्रश्न आहे माझा. मुलगी सव्वा वर्षाची. दोन्ही गाल कायम खरखरीत, लाल, थंडीत तर भेगा पडतात. आता कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागं पण आलंय, रात्री खाजवून रक्त काढते. सासरी सगळ्यांचं मत की मी अंगावर पाजते आणि मटण खाते म्हणून. गरोदरपणापासून जिभेवर ताबा नाही म्हणतात. त्यामुळं तांबडा-पांढरा रस्सा बंद, अंडं बंद, वांगं बंद, शेंगदाणे बंद, आंबा बंद. पुरळ आहे तसंच आहे.

पेठेतली_काकू
आगं बाई, कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा बंद? बाळापेक्षा तुझीच दया आली मला.

पांढरा_कोट
काकू बरोबर आहेत. पाजणाऱ्या आईनं सरसकट पथ्य करून बाळाचं इसब जात नाही, उलट आईचं प्रोटीन आणि कॅल्शियम कमी पडतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्या वेळात अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात असं दिसलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासून घ्यायचं. गंमत म्हणजे घरात कुणाला दमा, सततची सर्दी-शिंका असं आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते बहुतेक वेळा असतं.

सोनूची_आई_कळंबा
ह्यांना लहानपणी दमा होता!

पांढरा_कोट
झालं तर मग, मटणाची सुटका करा. इसबात मूळ अडचण अशी की कातडीचा बांध कच्चा असतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण आत टोचतात. म्हणून मुख्य औषध मॉइश्चरायझर. बिनवासाचं, घट्टसं, दिवसातून दोन-तीनदा, आणि पुरळ दिसत नसेल त्या दिवशीही. आंघोळ पाच-दहा मिनिटं, कोमट पाण्यानं. टॉवेलनं टिपलं की अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. लोकरीचं कापड थेट अंगाला लागू देऊ नका. नखं कापलेली ठेवा. लाल होऊन चिघळलेल्या दिवसांपुरतं स्टेरॉइड मलम, डॉक्टर सांगतील तेवढंच. बरीच मुलं शाळेत जाईपर्यंत यातून बाहेर पडतात.

गंगावेशची_ताई
तेलाचं काय? आमच्याकडं मालिशवाल्या बाई चांगल्या रगडून घेतात, मग पिठानं काढतात, मग कडकडीत पाणी, मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी. बाळ झोपतं मात्र छान.

पेठेतली_काकू
दमून झोपतंय ते.

पांढरा_कोट
मालिश चांगलीच आहे, आईनं हलक्या हातानं केली तर अधिक चांगली. खोबरेल चालतं. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून चांगलं समजतात, पण त्यानं कातडीचा बांध आणखी सैल होतो, मोहरीच्या तेलानंही. इसबवाल्या बाळाला ही दोन्ही नकोत. पिठानं चोळणं मात्र बंद करा, लव आपोआप गळते. धुरानं बाळाच्या छातीला त्रास होतो, त्या ओव्याची खिचडी तुम्ही खा. डोक्यावर पिवळट खपल्या धरल्या असतील तर तेल लावून थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशनं सोडवा आणि धुऊन टाका. नखानं उचकटायच्या नाहीत.

नवा_बाप_बावडा
डॉक्टर, माझं बाळ चार दिवसांचं. काल सीपीआरमधून, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातून, घरी आलो. अंगभर लाल चट्टे, मधे पिवळसर टोक. सकाळी पोटावर होते, संध्याकाळी पाठीवर. बायको रडतीय. कमरेवर निळा डाग पण आहे, कुणी मारलंय का असं वाटावं इतका.

पांढरा_कोट
अभिनंदन! दोन्ही निर्धोक वाटतात. पूर्ण दिवसांच्या सुमारे निम्म्या बाळांना पहिल्या काही दिवसांत असे जागा बदलणारे चट्टे येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातात, काही लावायचं नसतं. नाकावर पांढरे दाणे दिसतील, तेही फोडायचे नाहीत. कमरेवरचा निळा डाग आपल्याकडच्या बाळांत नेहमीचा, काही वर्षांत फिका होतो. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद करून घ्या म्हणजे पुढं कुणी मार समजणार नाही.

पण या वयात पाण्यासारख्या फोडांचे झुबके दिसले, पू दिसला, बाळ दूध ओढेना झालं, किंवा अंग तापलं वा गार पडलं, तर इथं लिहू नका, थेट दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर पुरळ असो-नसो, त्याच दिवशी दाखवायचं.

नवा_बाप_बावडा
दूध पितंय दणकून. आईला फोन करून सांगतो.

शाळेची_रिक्षा
तापाच्या पुरळांबद्दल कुणीतरी सांगा. पोरगीच्या बालवाडीत निम्मी पोरं घरी बसलीत. तोंडात फोड, तळहाताला, तळपायाला फोड. व्हॉट्सअॅपवर कुणी टोमॅटो फ्लू म्हणतंय, कुणी कांजिण्या.

पांढरा_कोट
तोंड-हात-पाय म्हटल्यावर हँड-फूट-माउथच, नावातच पत्ता आहे. ढुंगणावरही येतात. टोमॅटो फ्लू म्हणून २०२२ मध्ये केरळातून जे गाजलं तेही हेच निघालं. विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिक लागत नाही, आठवडा-दहा दिवसांत बरा होतो. खरा त्रास तोंडातल्या फोडांचा. मूल पाणी पीत नाही आणि लघवी कमी होते. गार दूध, ताक, गार पेज द्या. तिखट-आंबट नको. महिन्याभरानं काही मुलांची नखं सुटून येतात, तेव्हा घाबरून येऊ नका, नवी नखं येतात.

कांजिण्यांचे फोड छाती-पोट, चेहरा, डोकं असे सुरू होतात आणि एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली असं सगळं अंगावर दिसतं. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत शाळा नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन कधीही नाही, आयब्युप्रोफेनही नको.

पेठेतली_काकू
आमच्यात अजून देवी आल्या म्हणत्यात. फोडणी द्यायची नाही, आंघोळ नाही, उशाला कडुलिंब.

पांढरा_कोट
काकू, खऱ्या देवीचा रोग १९७५ नंतर भारतात कुणाला झालेला नाही. कडुलिंब ठेवा, फोडणी नको तर नको, पण आंघोळ घाला. घाम आणि खाज यांनीच फोड पिकतात. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, खासगीत घ्यावी लागते, पंधराव्या महिन्यापासून.

गोवराला मात्र हलक्यात घेऊ नका. तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात याच्या साथीत मुलं दगावली. लस नवव्या महिन्यात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात फुकट. आणि याच्या उलट प्रकार म्हणजे तीन दिवस सणसणीत ताप, तो उतरला त्या दिवशी अंगभर गुलाबी ठिपके, आणि मूल हसत-खेळत. तो रोझिओला. आई येते तेव्हा आजार संपलेला असतो.

शाळेची_रिक्षा
आणि घाबरायचं नक्की कधी?

पांढरा_कोट
काचेचा पारदर्शक पेला घ्या, पुरळावर दाबा. दाबल्यावर लाली गेली तर सहसा वेळ असतो. लाल-जांभळे ठिपके काचेखाली तसेच दिसत राहिले आणि अंगात ताप असला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. मेंदूज्वर, रक्तातला जंतुसंसर्ग, डेंगी यांत असं होतं. ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, मूल मलूल पडणं यांतही तसंच लगेच निघायचं.

अंगणवाडीतली_आक्का
मी सेविका आहे, शिरोळ तालुक्यात. डॉक्टरांनी खरूज घेतलीच नाही, आमच्याकडं तीच जास्त. २०१९ च्या पुरात छावणीत आणि नंतर गावात घरंच्या घरं खाजवत होती. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ, तान्ह्याला तर तळहात-तळपायाला पण. अडचण अशी की मलम फक्त पोराला लावतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो-नसो, मानेपासून तळव्यापर्यंत, सकाळी धुवायचं, आठवड्यानं परत. अंथरूण-कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात. कुणाच्या तरी सासऱ्यांनी 'मला काय झालंय?' म्हणून लावलं नाही की सगळं पहिल्यापासून.

पांढरा_कोट
आक्का, मुजरा. भर एवढीच, की तान्ह्या बाळाला डोक्यालाही लावावं लागतं, आणि दोन महिन्यांच्या आतल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. औषध लागू पडलं तरी खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते, म्हणून रोज रोज मलम चोपडू नका.

उसातला_पाहुणा
आमच्या मळ्यात पावसाळा लागला की पोरांच्या मानेवर रात्रीत चाबूक मारल्यासारखा लाल पट्टा उठतो, भाजल्यागत. आजी म्हणते कोळी मुतला. आई म्हणते नागीण.

पांढरा_कोट
दोन्ही नाही. काळा-तांबडा, मुंगीएवढा लांबट किडा असतो, ट्यूबलाइटला येतो. तो चावत नाही. आपण झोपेत चिरडतो तेव्हा त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो, आणि चट्टा दुसऱ्या दिवशी उठतो. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका. नागीण वेगळी, ती शरीराच्या एका बाजूला फोडांचे झुबके घेऊन येते.

गंगावेशची_ताई
पोराच्या गालावर पांढुरके डाग आहेत. शेजारीण म्हणते जंत, जाऊबाई म्हणतात कॅल्शियम, मला मेलीला कोडाची भीती.

पांढरा_कोट
कडा पुसट आणि वर बारीक कोंडा असेल तर तिन्ही नाही. कोरड्या कातडीचा प्रकार आहे, उन्हात भोवतीची कातडी रापली की उठून दिसतो. मॉइश्चरायझर लावा, काही महिने धरा. कोडाचा डाग चुन्यासारखा पांढराफेक, कडा ठसठशीत. शंका वाटली तर सीपीआरच्या त्वचा विभागात केसपेपर काढून दाखवा. पहिल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. ट्यूबा बघितल्यावर अर्धं निदान होतं.

नववी_गल्ली
सोमवारी दाखवून आले. बुरशीच निघाली, मलम दिलंय, जांघ निवळायला लागलीय. मानेचं घामोळं तर पंख्यानंच गेलं. सासूबाईंच्या चंदनाला डॉक्टर नाही म्हणाल्या नाहीत, फक्त सहाण स्वच्छ ठेवा म्हणाल्या. मालिशवाल्या मावशी जरा रुसल्यात. आता पुढचा प्रश्न. पावसात लंगोट वाळत नाहीत, दमट वास राहतो. मग डायपरच वापरू का?

पेठेतली_काकू
लंगोट घरात दोरीवर टाक, पंखा लाव आणि घडी घालायच्या आधी इस्त्री फिरव. ओलसर लंगोट बांधण्यापेक्षा रात्री डायपर बरा, पण दोन-तीन तासांनी हात घालून बघत जा. आणि साबू लंगोटातनं पुरता जाईपर्यंत खळबळून काढ. सुनेला पण हेच सांगतो मी, ऐकतंय कोण.